हॉलमधले फोटो हलतात, देखाव्यातली मूर्ती काळी येते: कॅमेरा बदलण्याआधी मोड तपासा

लग्नसराई संपली किंवा गणपती गावाला गेले की त्याच त्याच तक्रारी कानावर येतात. "नवा कॅमेरा घेतला, पण हॉलमधले सगळे फोटो हललेत." "दिवसा छान येतात, संध्याकाळ झाली की काळे." "यापेक्षा मोबाइल बरा होता." आणि मग ठरलेला प्रश्न: सर्व्हिस सेंटरला टाकू का, की लेन्स बदलू?

थांबा. अशा दहातल्या आठ-नऊ तक्रारींत कॅमेरा धडधाकट असतो. वरच्या गोल चकतीवर, म्हणजे मोड डायलवर, जे अक्षर लावलेलं होतं त्याने त्या जागेला न शोभणारा निर्णय घेतलेला असतो आणि फोटो काढणाऱ्याला तो निर्णय कळलेलाच नसतो. म्हणून मोडची यादी पाठ करण्याऐवजी लक्षणावरून मागे जाऊ. फोटोत काय बिघडलंय, ते कोणी ठरवलं, आणि पुढच्या वेळी ते कोणी ठरवायला हवं.

आधी फोटोची माहिती वाचा

बिघडलेला फोटो कॅमेऱ्यावर उघडा आणि 'इन्फो' किंवा 'डिस्प' लिहिलेलं बटण दोन-तीनदा दाबा. काही कॅमेऱ्यांत वर-खालीचा बाण दाबावा लागतो. फोटोशेजारी आकडे दिसू लागतील. त्यातले चार बघायचे: शटर स्पीड (१/६०, १/२५० असा), ॲपर्चर (एफ/३.५, एफ/८ असा), आयएसओ आणि मोडचं अक्षर. हे चार आकडे न बघता दिलेला कुठलाही सल्ला अंदाजपंचे असतो, मग तो देणारा कितीही जाणकार असो.

शटर स्पीड म्हणजे प्रकाश किती वेळ आत आला. ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं होतं. इथे आकडा लहान म्हणजे भोक मोठं. आयएसओ म्हणजे आलेला प्रकाश कॅमेऱ्याने किती वाढवून घेतला. या तिघांपैकी कोणता आकडा तुम्ही ठरवायचा आणि कोणता कॅमेऱ्याने, एवढंच मोड ठरवतो. ए मोडमध्ये (कॅननवर एव्ही) ॲपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं. एस मोडमध्ये (कॅननवर टीव्ही) शटर तुमचं, ॲपर्चर कॅमेऱ्याचं. पी मध्ये दोन्ही कॅमेरा ठरवतो, पण आयएसओ, फ्लॅश, उजेडाची दुरुस्ती तुमच्या हातात राहते. एम मध्ये दोन्ही तुमचे. हिरव्या ऑटोमध्ये जवळजवळ सगळंच कॅमेऱ्याचं, फ्लॅश कधी उघडायचा आणि फोकस कुणावर धरायचा हेसुद्धा.

हॉलमधला हललेला फोटो

सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू या.

मंगल कार्यालयात मुंज आहे. मातृभोजन चाललंय, आई बटूला घास भरवतेय. तुम्ही किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) पूर्ण झूम करून, म्हणजे ५५ मिलिमीटरवर, पाचव्या रांगेतून फोटो घेता. घरी येऊन बघता तर आईचा चेहरा बरा आहे, पण हात धुरकट रेघेसारखा. आकडे बघितले तर १/३०, एफ/५.६, आयएसओ १६००. डोळ्यांना लख्ख वाटणारा कार्यालयातला उजेड कॅमेऱ्याच्या हिशोबात फार कमी असतो. त्या उजेडात हे तीन आकडे गणिताने बरोबरच आहेत. फोटो ना काळा आहे ना पांढरा. कॅमेऱ्याने फोटो पुरेसा उजळ करण्याचं काम नीट केलं. हात हलतोय हे त्याला माहीतच नव्हतं.

इथे धूसरपणाचे तीन प्रकार वेगळे ओळखायला शिका, कारण तिघांचे उपाय वेगळे आहेत. फोटो मोठा करून बघा. खांब, खुर्च्या, माणसं सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर तुमचा हात हलला. खुर्च्या स्पष्ट पण माणसांचे हात-चेहरे पुसट असतील तर माणसं हलली. मागची तोरणं कडक स्पष्ट आणि पुढचा बटू मऊ असेल तर फोकस चुकीच्या जागी बसला. त्याचा शटरशी संबंध नाही, फोकस पॉइंट (फोकस जिथे धरायचा तो ठिपका) स्वतः निवडावा लागेल, आणि तो हिरव्या ऑटोमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांवर निवडताच येत नाही.

पहिल्या प्रकारासाठी जुना ठोकताळा आहे: शटर स्पीडच्या छेदातला आकडा निदान लेन्सच्या मिलिमीटरइतका हवा. बहुतेक घरगुती डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा) लहान असतो, म्हणून तो आकडा दीडपट धरायचा. ५५ मिलिमीटरला १/८० किंवा १/१००. लेन्सवरचं स्थिरीकरण (व्हीआर, आयएस वगैरे) इथे मदत करतं. पण ते तुमचा हात सावरतं, आईचा हात सावरत नाही. "स्थिरीकरण चालू होतं तरी फोटो हलला" असं म्हणणाऱ्यांचा घोटाळा नेमका इथेच असतो.

दुसऱ्या प्रकाराला एकच औषध: जलद शटर. बसलेली, बोलणारी माणसं १/१२५ ला सहसा सुटतात. लग्नात अंतरपाट खाली येतो आणि अक्षता उडतात तेव्हा निदान १/२५०. १/३० वर त्या अक्षता पांढऱ्या रेघा होतील.

म्हणजे काय करायचं? एस मोड लावा, शटर १/१२५ ठेवा, आयएसओ ऑटोवर टाका. हे शेवटचं विसरू नका. आयएसओ ४०० वर अडकवून एस मोड लावला तर कॅमेऱ्याच्या हातात फक्त ॲपर्चर उरतं. ते पूर्ण उघडून झालं की तो पुढे काही करू शकत नाही आणि फोटो काळा येतो. कॅमेरा तसं सांगतही असतो: स्क्रीनवर एफचा आकडा लुकलुकतो किंवा 'लो' असं दिसतं. पुष्कळ जण ते लुकलुकणं बघतात आणि तरी बटण दाबतात.

आता वरच्याच उजेडात हिशोब करा. ५५ मिलिमीटरवर किट लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणून १/१२५ साठी आयएसओ ६४०० लागेल. तीच लेन्स १८ मिलिमीटरवर एफ/३.५ पर्यंत उघडते; तिथे आयएसओ २५०० मध्ये काम भागतं. म्हणून हॉलमध्ये झूम करून लांबून टिपण्यापेक्षा चार रांगा पुढे जाऊन झूम उलटा फिरवा. एक पैसा खर्च न करता फोटो सुधारण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. त्यानंतर जर लेन्स घ्यायचीच असेल तर ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या. त्याच उजेडात आयएसओ १६०० वर १/३०० च्या आसपास शटर मिळतं. लांब झूमची लेन्स या दुखण्यावर उपाय नाही, ती ते वाढवते.

आयएसओ वाढला की दाणे येतात ही भीती खरी आहे, पण तिचा बाऊ होतो. दाणेदार फोटो अल्बममध्ये लागतो. हललेला लागत नाही.

ए मोड आवडणाऱ्यांसाठी एक सूचना. ए आणि ऑटो आयएसओ एकत्र असले तर बरेच कॅमेरे शटर १/३० किंवा १/६० पर्यंत उतरू देतात आणि मगच आयएसओ वाढवतात. मेनूत ऑटो आयएसओच्या खाली 'किमान शटर स्पीड' असा पर्याय सहसा असतो. तो १/१२५ करून ठेवा. मग ए मोडही हॉलमध्ये चालतो. आणि कुणीतरी "एफ/८ ला लेन्स सर्वांत धारदार" असं सांगितलं म्हणून हॉलमध्ये एफ/८ लावू नका. तो सल्ला कासच्या फुलांसाठी आणि गडावरच्या सकाळसाठी ठीक आहे.

फ्लॅश मारला, तरी माणसांभोवती भूत

फ्लॅशचा फोटो आहे, चेहरा उजळ आहे, पण कडेने एक पुसट सावली ओढली गेलीये. आकडे बघा: मोड ए, शटर १/८ किंवा १/४ असेल. ए मोडमध्ये फ्लॅश लावला तर काही कॅमेरे, विशेषतः कॅनन, मागच्या अंधाराचाही उजेड पकडायला शटर संथ करतात. फ्लॅशने माणूस एकदा उमटतो, नंतर शटर उघडंच राहतं आणि तोच माणूस हलत हलत पुन्हा उमटतो. पी मोडमध्ये तोच कॅमेरा फ्लॅशसाठी शटर १/६० च्या खाली सहसा जाऊ देत नाही. म्हणून घाईत फ्लॅश वापरायचा असेल तर पी लावा. ए च लागत असेल तर मेनूत फ्लॅशच्या वेळचा शटर स्पीड बांधून ठेवण्याची सोय शोधा.

हाच संथपणा 'नाइट पोर्ट्रेट' या, माणूस आणि चंद्र किंवा चांदणी अशा चित्राच्या मोडमध्ये मुद्दाम वापरलेला असतो, मागची रोषणाई दिसावी म्हणून. तिथे समोरच्याला आधीच सांगा: फ्लॅश चमकला तरी दोन सेकंद हलू नकोस.

आणि फ्लॅशची पोच. कॅमेऱ्याचा स्वतःचा उघडणारा फ्लॅश आयएसओ १०० ला, एफ/५.६ वर साधारण दोन मीटर जातो. आयएसओ ४०० केला तर चार. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून स्टेजवर फ्लॅश मारल्याने पुढच्या रांगेतली डोकी तेवढी पांढरी होतात.

देखाव्यातला गणपती काळा, स्टेजवरचा गायक पांढरा

मखरात मूर्तीच्या मागे दिव्यांच्या माळा आहेत. फोटोत माळा सुंदर, मूर्ती काळवंडलेली. दुसरीकडे संगीत नाटकाच्या प्रयोगात काळ्या पडद्यापुढे झोतात गायक उभा आहे; पडदा राखाडी आलाय आणि चेहरा कागदासारखा पांढरा. दोन्हींचं कारण एकच. कॅमेरा समोरच्या चौकटीतला उजेड मोजतो आणि सगळं मिळून मध्यम राखाडी असेल असं धरून चालतो. दिवे जास्त दिसले की तो फोटो आवळतो, काळं जास्त दिसलं की सैल सोडतो.

यासाठी अधिक-उणे खुणेचं बटण असतं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं. पी, ए आणि एस मध्ये ते चालतं. मागे दिवे असतील तर अधिक १ पासून सुरुवात करा. काळा पडदा असेल तर उणे १, गरज पडली तर उणे २. नवख्यांना सगळ्यात उलटं वाटतं ते वारीत: पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर पांढरं आभाळ, आणि फोटो मळकट. तिथे उणे नव्हे, अधिक करायचं. पांढरं पांढरं दिसायला हवं असेल तर कॅमेऱ्याला तसं सांगावं लागतं.

या बटणाचा एक त्रास असा की बऱ्याच कॅमेऱ्यांवर ते आपोआप शून्यावर येत नाही. काल रात्री अधिक २ केलेलं आज सकाळी तसंच असतं, कॅमेरा बंद करून चालू केला तरीही. "कालपर्यंत ठीक होता, आज सगळेच फोटो पांढरे येतायत" ही तक्रार आली की मी पहिल्यांदा ती पट्टी बघायला सांगतो. एम मध्ये आयएसओ हाताने बांधलेला असेल तर हे बटण फोटो उजळ करत नाही. तिथे शटर, ॲपर्चर किंवा आयएसओच बदलावा लागतो.

एक फोटो बरोबर, दुसरा काळा, तिसरा पांढरा, मग पुन्हा बरोबर, असं ठरावीक क्रमाने होत असेल तर ब्रॅकेटिंग (लागोपाठचे फोटो मुद्दाम कमी-जास्त उजेडात काढण्याची सोय) चुकून चालू झालंय. मेनूत जाऊन बंद करा.

स्टेजसाठी मात्र माझी पसंती एम ला आहे. प्रकाश एका झोतातून येतो, मागचा पडदा तसाच राहतो, कलाकार इकडून तिकडे जातो आणि चौकटीत काळं कधी जास्त कधी कमी येतं. कॅमेरा दर फोटोला वेगळा निर्णय घेतो, म्हणून दहा फोटोंत दहा उजेड. एम मध्ये १/२००, एफ/४, आयएसओ १६०० असं काहीतरी लावून एक फोटो घ्या, चेहरा मोठा करून बघा, मग आयएसओ वर-खाली करा. एकदा बसलं की प्रकाशयोजना बदलेपर्यंत हात लावायचा नाही. दिवाळीच्या आतषबाजीलाही एमच: तिपाई, आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, दोन ते आठ सेकंद, फोकस हाताने, स्थिरीकरण बंद.

पण "खरा फोटोग्राफर एम वरच काढतो" हे जे शिकवलं जातं, त्याने नवख्यांचं फार नुकसान होतं. ऊन-सावलीत पळणाऱ्या लेकराचा फोटो एम वर काढताना चाकं फिरवण्यात क्षण निघून जातो. १९७७ मध्ये मिनोल्टाच्या एक्सडी कॅमेऱ्यात ए आणि एस एकत्र आले आणि १९७८ मध्ये कॅनन ए-१ ने त्यांच्या जोडीला पी आणला. तेव्हापासून बातमीदार, क्रीडा छायाचित्रकार, सगळेच हे मोड पोटापाण्यासाठी वापरत आलेत. पी मध्ये मागचं चाक फिरवलं की उजेड तोच ठेवून शटर-ॲपर्चरची दुसरी जोडी मिळते, हे अनेकांना माहीतच नसतं. रिंगणात घोडा धावताना एस, १/१०००. भर उन्हात लेकरं, एस, १/५००. गडावर, फुलांत, निवांत माणसांच्या फोटोंत ए.

भर दुपारी ए मोडमध्ये एफ/१.८ लावून फोटो पांढरे पडत असतील तर तेही मोडचंच दुखणं आहे. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/१.८ साठी १/८००० च्या आसपास शटर लागतो आणि बरेच कॅमेरे १/४००० वर थांबतात. एफ/२.८ करा, सुटेल. उलट बाजूला पावसाळी धबधबा: पाणी दुधासारखं दिसावं म्हणून एस मध्ये अर्धा सेकंद लावला आणि एफचा आकडा लुकलुकू लागला. ढगाळ दिवशी एफ/१६ वर १/१५ पर्यंतच उतरता येतं. पुढे जायला प्रकाश अडवणारा एनडी ८ फिल्टर आणि तिपाई लागते, दुसरा मोड लावून उपयोग नाही.

फोटोवर आडवे पट्टे

एलईडी किंवा ट्यूबच्या उजेडात फोटोवर फिकट-गडद पट्टे येतात, किंवा सलग फोटोंचा रंग बदलत जातो. सेन्सर बिघडला म्हणून लोक घाबरतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१००० ला शटर त्या लहरीचा छोटासा तुकडा पकडतो, १/१०० किंवा १/५० ला पूर्ण फेरा. म्हणून एस मोड, १/१००. मिररलेसवर आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर तो बंद करून मेकॅनिकल लावा, पट्टे बहुधा तिथेच थांबतात. मागे एलईडी वॉल असेल तर तिची लय निराळी असते. तिथे १/८०, १/१००, १/१२५ असे लावून बघावे लागतात.

मोड बरोबर, तरी कॅमेरा ऐकत नाही

बॅगेतून काढताना डायल सरकतो. आधी ते बघा. सी १, सी २ किंवा यू १, यू २ वर (स्वतःची सेटिंग साठवून ठेवायच्या जागा) सरकला असेल तर तुम्ही बदललेली सेटिंग थोड्या वेळाने मूळ पदावर येतात, कारण तिथे साठवलेलं पान परत उघडतं. बटण दाबल्यावर फोटो दोन किंवा दहा सेकंदांनी निघत असेल तर सेल्फ टायमर चालू आहे. तो ड्राइव्हच्या मेनूत असतो, मोड डायलशी त्याचा संबंध नाही. मेनूतले पर्याय राखाडी, दाबले जात नाहीत? हिरवा ऑटो किंवा चित्रांचे मोड लागलेत. पी वर या, पर्याय उघडतील.

हे सगळं समारंभाच्या दिवशी शिकू नका. घरातला छताचा पंखा मधल्या वेगावर लावा, खाली बसा, एस मोड, ऑटो आयएसओ. १/३० ला पाती म्हणजे रुंद धूसर पट्टे. १/१२५ ला पाती वेगळी दिसतात, पण टोकं पुसट. १/५०० ला पाती बरीच स्पष्ट दिसतील. आता तिन्ही फोटोंचा आयएसओ शेजारी ठेवून बघा. वेग किती महाग पडतो ते तिथे लिहिलेलं असतं.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं असेल तर फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका. त्यात फोटो दाबला जातो आणि आतले आकडे पुसले जातात. कार्डातली मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि सोबत लिहा: जागा कोणती, दिवे कसले, लेन्स कोणती, मोड कोणता. बघणाऱ्याला मग दोन मिनिटांत दोष सांगता येतो.